ओर्ताला न रुचलेला रातांबा

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यातल्या योहानेस द एंदेमच्या छापखान्यातून एक पोर्तुगीज पुस्तक बाहेर पडलं. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींबद्दल दोन वैद्यांनी मारलेल्या गप्पा, असं त्याचं स्वरूप. त्याच्या दहाव्या संवादात बोरांचा विषय चाललेला असताना लेखक गार्सिया द ओर्ता एका फळाकडे वळतो. त्याला तो ‘ब्रिंदांव’ म्हणतो. आतून रक्तासारखं लाल, पिकलं की वरून काळपट, आणि चवीला भयंकर आंबट. पुष्कळांना ते आवडतं, मला मात्र नाही, असं तो सरळ सांगून टाकतो. रंगारी ते वापरतात, त्याची साल जपून ठेवतात, सिरका करण्यासाठी ती समुद्रमार्गे नेतात, थोडी पोर्तुगालपर्यंतही गेली आहे. एवढं सांगून झालं की गप्पा पुढे सरकतात.

हे फळ म्हणजे आपलं भिरंड, आपला रातांबा. या थोड्या ओळींनी मला कित्येक वर्षं धरून ठेवलं आहे. कोकमाचा युरोपीय भाषेत छापलेला यापेक्षा जुना उल्लेख माझ्या पाहण्यात नाही. त्यात रंगाचं काम आहे, जहाजं आहेत, सिरका आहे. पेय मात्र नाही. या किनाऱ्यावर तीस वर्षं घालवलेल्या, नाडी आणि जीभ दोन्ही तपासणाऱ्या माणसाने सरबत, कढी, तिवळ यांतलं काहीच का टिपलं नाही?

ओर्ताची हकीकत थोडक्यात अशी. पोर्तुगालमधल्या कॅस्तेलो द व्हिद गावी जन्म, आईवडील स्पेनमधून परागंदा झालेले आणि सक्तीने ख्रिस्ती केलेले ज्यू. १५३४ मध्ये मार्तिम अफोंसो द सूझाबरोबर तो हिंदुस्थानात आला आणि इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे वैद्य म्हणून त्याचं जाणंयेणं होतं. ज्या संवादात रातांबा येतो त्याच संवादात तो निजामशहा, आदिलशहा ही नावं कुठून आली हे समजावून सांगतो. कोकम आणि अहमदनगरचा दरबार एकाच प्रकरणात भेटतात ते बहुधा इथेच.

मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होतं. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं, हे तो फार कौतुकाने सांगतो. आंब्याबद्दल बोलताना त्याची लेखणी रसाळ होते, रातांब्याबद्दल आखडते. याचं कारण मला साधं वाटतं. त्याने रातांबा आंब्यासारखा खाऊन पाहिला. रातांबा तसा खायचं फळच नाही. कोकणातली पोरं बी चोखून गर खातात, पण सालीचा आंबटपणा कुणी नुसता चावत नाही. ती साल मिठात मुरते, उन्हात वाळते आणि मग पाण्यात उतरते. पाण्यात उतरल्यावरच ती बोलू लागते.

मला सर्वांत जास्त चुटपुट लागते ती पुढच्या गोष्टीची. सोळावा संवाद नारळावर आहे. त्यात माडाची सुरा आहे, तिच्यापासून गाळलेली दारू आहे, खोबरं वाटून पिळून काढलेलं दूध आहे, त्या दुधात शिजवलेला भात आहे. म्हणजे सोलकढीचे दोन्ही अर्धे या एकाच पुस्तकात हजर आहेत, दहाव्या प्रकरणात साल आणि सोळाव्यात दूध. ते एकमेकांना भेटत नाहीत एवढंच. ओर्ताच्या पुस्तकात मालूपा नावाचा हिंदू वैद्य आहे, हाकेसरशी पानंफळं आणून देणारी घरातली मोलकरीण आंतोनिया आहे. वैद्याशी तो वाद घालतो, व्यापाऱ्यांकडून भाव काढून घेतो, पण आंतोनियाला मात्र तो फक्त कामं सांगतो. चुलीपाशी काय शिजतं हे तिला विचारलं असतं, तर पुस्तकात चारदोन पानांची भर नक्की पडली असती. गाळलेल्या दारूची नोंद झाली आणि बिनदारूच्या पेयाची राहिली, याचं मला फार वाईट वाटतं.

तरीही त्याच्यावर राग धरवत नाही, कारण पुढे जे झालं ते भयंकर आहे. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन सुरू होतं. ओर्ता १५६८ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १५६९ रोजी, त्याची बहीण कातारिना हिला गुपचूप ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आलं. ४ डिसेंबर १५८० रोजी खुद्द ओर्ताची हाडं उकरून जाळली. पुस्तक वाचलं ते दुसऱ्याच वाटेने. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप १५६७ मध्येच अँटवर्पला छापला होता आणि युरोपने ओर्ता वाचला तो मुख्यतः त्या संक्षेपातून. मूळ पुस्तकाला नीट न्याय मिळाला १८९१ नंतर, काउंट फिकाल्योने लिस्बनला टीपांसह आवृत्ती काढली तेव्हा. त्याच्या टीपांमध्ये ब्रिंदांव म्हणजेच कोकम, हे पक्कं झालं.

वनस्पतिशास्त्रातही ओर्ताच्या वाट्याला असंच काहीसं आलं. दु पेती-थुआर या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोकमाला ‘ब्रिंदोनिया इंडिका’ म्हटलं होतं. किनाऱ्यावरचं नाव त्यात जिवंत होतं. पुढे श्वाझी या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते झाड ‘गार्सिनिया’ प्रजातीत नेलं. पणजीत गार्सिया द ओर्ताच्या नावाची बाग आहे, तिथे बसून गार्सिनिया म्हणजे गार्सियाचं झाड असं पुष्कळांना वाटतं. त्या प्रजातीला मात्र लिनियसने लॉरां गार्सँ या अठराव्या शतकातल्या वैद्याचं नाव दिलेलं आहे.

ओर्ताच्या दातांना जो आंबटपणा झोंबला तो कशाचा, याचं उत्तर मिळायला चारशे वर्षं लागली. कोकमाच्याच कुळातल्या, केरळात मासळीत घालतात त्या कुडमपुळीतलं आम्ल सायट्रिक किंवा टार्टारिक असावं असा समज होता. म्हैसूरच्या अन्नतंत्रज्ञान संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं की ते मुख्यतः हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल आहे. कोकमातही तेच. यातून पुढे वजन उतरवणाऱ्या गोळ्यांचा मोठा बाजार उभा राहिला. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे चाचणी झाली. या आम्लाची मात्रा घेणारे आणि बिनऔषधाची गोळी घेणारे यांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. कोकमाला अशा दाव्यांची गरज नाही. दुपारी उन्हातून आल्यावर तहान भागवणं आणि जेवणाची वासना जागी करणं, हेच त्याचं काम आहे, आणि ते तो चोख करतो.

आता ओर्ताने जे विचारलं नाही ते सांगतो. वेंगुर्ल्याला माझ्या मावशीकडे मे महिन्यात आगळ होतं. मृगाआधी रातांबे उतरवायलाच हवेत, पावसाचं पाणी लागलं की साल भिजते आणि माल टिकत नाही. फळं धुऊन, फडक्याने कोरडी करून, दोन भाग करायचे. गरासकट बिया वेगळ्या. साली चिनी मातीच्या बरणीत थरांनी भरायच्या, मध्ये मीठ. किलोभर सालीला दीडशे ग्रॅमच्या आसपास. मावशी वजन करत नाही, मुठीने घालते आणि तिची मूठ चुकत नाही. दुसऱ्या दिवशी बरणीत तळाशी काळपट लाल रस दिसायला लागतो. मग रोज एकदा लाकडी कालथ्याने खालवर करायचं. पाचसहा दिवसांत साली मऊ पडतात, रस त्यांच्यावर येतो. तो गाळून कोरड्या बाटल्यांत भरला की झालं आगळ. वर्षभर टिकतं. अॅल्युमिनियम, पितळ यांना मावशी या दिवसांत स्वयंपाकघरात जवळ येऊ देत नाही, आम्ल धातूला खातं. उरलेल्या साली उन्हात जातात. त्यांना रसाची पुटं देत, पुन्हा पुन्हा वाळवत आमसूल करतात.

दुसरी रीत अमृत कोकमाची. त्यात मिठाऐवजी साखर, सालीच्या दुप्पट, आणि बरणी आठवडाभर उन्हात. लहान मुलांसाठी आणि पाहुण्यांसाठी ही ठीक. पण माझं मत स्पष्ट आहे, घरातलं रोजचं पेय आगळाचंच हवं. पेलाभर सरबताला लागेल एवढा अमृत कोकमाचा पाक घेतला की पोटात जवळजवळ ३० ग्रॅम साखर जाते. आंबटपणा झाकायला गोडी ओतायची आणि मग त्याला आरोग्यपेय म्हणायचं, हे मला पटत नाही. आंबटपणा पाण्याने पातळ करायचा असतो.

आगळालाही एक पथ्य आहे. त्यात मीठ भरपूर. एका मोठ्या चमच्यात साधारण २ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. म्हणून मोठ्या पेल्याला एकच चमचा घ्यावा आणि वरून मीठ मुळीच घालू नये. रक्तदाब असलेल्यांनी बिनमिठाची सोलं कोमट पाण्यात तासभर भिजत घालून कोळावीत.

तिवळ करायला एवढं पुरे. पेलाभर माठातलं पाणी, चमचाभर आगळ, भाजून भरडलेलं जिरं, ठेचलेली अर्धी हिरवी मिरची, कोथिंबीर, हवा असल्यास सुपारीएवढा गूळ. पंधरा मिनिटं तसंच ठेवून गाळायचं. फुटी कढी याचीच बहीण, नारळाशिवायची, तिला हिंग-लसणाचा वास लागतो. सोलकढीत मिरची येते ती पोर्तुगीजांनी समुद्रापलीकडून आणलेली. ओर्ताचेच देशबांधव ते. त्यांच्या मिरचीशिवाय आज कढीची कल्पना करवत नाही. नारळाचं दूध घातल्यावर कढी आचेवर ठेवू नये, आम्लाने दूध फुटतं. शिवाय सालीतला लाल रंग सायानिडिन जातीच्या रंगद्रव्यांचा, तोही फार उष्णतेने मरतो. उकळलेल्या सरबताचा रंग विटकरी पडतो तो यामुळे. विकतच्या बाटलीबद्दल शंका असेल तर थोड्या सरबतात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून पाहावं. कोकमाचा खरा रंग निळसर-मळकट होतो. तसाच लालभडक राहिला तर रंग वरून घातलेला आहे असं समजावं.

मावशीच्या परसात चार झाडं आहेत आणि फळ धरतं ते दोघांना. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी. बी रुजवून वाढवलेलं झाड नर निघालं तर ते कळायला सात-आठ वर्षं जातात, आणि साधारण निम्मी झाडं नर निघतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ ही जात दिली, नंतर मोठ्या फळांची ‘कोकण हातीस’, आणि मादी झाडावरच्या काड्यांची मृदुकाष्ठ कलमं करायची रीत शेतकऱ्यांच्या हाती दिली. कलम लावलं की फळ येणार हे ठरलेलं, वाटही कमी पाहावी लागते. मात्र बागेत एखादं नर झाड राहू द्यावं लागतं, परागासाठी. मावशीने गेल्या पावसात दोन कलमं लावली. जुन्या दोन नर झाडांना तिने हात लावू दिला नाही. रस काढून झाल्यावर उरलेल्या बिया ती वाळवून फोडते, कुटून उकळते आणि वर तरंगलेलं तेल थंड झालं की त्याचे मुठीएवढे गोळे करून ठेवते. हे मुठेल थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात.