‘याला डोकेच नाही’ म्हणण्याआधी

दहावीचा निकाल लागला की आमच्या कराडच्या मोहल्ल्यांत दोन प्रकारची घरे दिसतात. एका घरातून शेजारीपाजारी पेढे जातात. दुसऱ्या घराचे दार दिवसभर लोटलेले असते आणि संध्याकाळपर्यंत आत निर्णय झालेला असतो. मुलगा असेल तर मामूच्या गॅरेजवर, मुलगी असेल तर घरकाम आणि मग रिश्त्याची बोलणी. कारण विचारले तर एकच वाक्य ऐकू येते, “इसका दिमाग नहीं चलता.” मराठीत म्हणतात, “याला डोकेच नाही.”

गॅरेजच्या कामाला आम्ही कमी लेखत नाही. हाताला कसब असणे ही मोठी दौलत आहे. प्रश्न आहे तो या वाक्याचा. डोके ही जन्माला येताना मोजून मिळालेली वस्तू आहे आणि ज्याच्या वाट्याला कमी आली त्याचा इलाज नाही, असे ते वाक्य गृहीत धरते. मूल शिकते कसे आणि त्याला शिकावेसे का वाटते, यावर मानसशास्त्रज्ञांनी शंभरहून अधिक वर्षे काम केले आहे. त्यातले जे घरात उपयोगी पडेल, ते आम्ही येथे मांडत आहोत.

नापास झालो, पण कशामुळे?

बर्नार्ड वाईनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट दाखवली. अपयशापेक्षा अपयशाचे कारण मूल काय मानते, याला जास्त महत्त्व आहे. “मला गणित जमतच नाही” हे कारण न बदलणारे आहे. “मी उदाहरणे सोडवली नाहीत, नुसती वाचली” हे कारण उद्या सकाळी बदलता येते. पहिले कारण मानणारे मूल वही मिटते, दुसरे मानणारे मूल वही उघडते. आणि कारणाचा शब्द मुलाला बहुतेक वेळा आपणच देतो.

कौतुकाचेही तसेच आहे. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांना काही कोडी सोडवायला दिली. नंतर काही मुलांना म्हटले, “तू हुशार आहेस.” काहींना म्हटले, “तू मेहनत घेतलीस.” मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ती कोणालाच नीट जमली नाहीत. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली, तेव्हा ‘हुशार’ म्हटलेली मुले आधीपेक्षा मागे पडली आणि ‘मेहनती’ म्हटलेली पुढे गेली. हुशारीचा शिक्का बसलेल्या मुलाला पहिलीच ठेच शिक्का पुसल्यासारखी वाटते. म्हणून अव्वल येणाऱ्या मुलीलाही “माझी बेटी हुशार” एवढेच म्हणून थांबू नये. तिने काय केले म्हणून जमले, तेही बोलून दाखवावे.

ही जादूची कांडी मात्र नाही. २०१९ साली अमेरिकेतील सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात, ‘बुद्धी प्रयत्नाने वाढते’ हे समजावून सांगितल्यावर मागे पडलेल्या मुलांचे गुण सुधारले, पण थोडेसेच. नुसते शब्द पुरत नाहीत. सोबत अभ्यासाची रीत आणि आधार लागतो.

मोबाईलचे आमिष

“नव्वद टक्के आण, मोबाईल घेऊन देतो.” हा सौदा आज घराघरात होतो. बक्षिसाचा उपयोग नाही असे नाही. योग्य वागण्याला लगेच दाद मिळाली तर ते वागणे वाढते, हे स्किनर यांनी प्रयोगांनी दाखवले. पहिलीच्या मुलाला पाढा म्हटल्यावर शाबासकी मिळाली तर तो दुसरा पाढा म्हणतो. पण बक्षिसाची दुसरी बाजूही आहे. १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रे काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतील मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, चित्र काढले तर सोनेरी तारा असलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता दिले, काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळात, आधी सौदा केलेली मुले चित्रांकडे इतरांच्या मानाने निम्माच वेळ वळली. आनंदाने केलेले काम मजुरी झाले, आणि मजुरी थांबली तसे कामही आटले.

मग मुलाला आतून ओढ कशाने लागते? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या तीन गरजा सांगितल्या. आपल्याला काही ठरवता येते ही भावना, आपल्याला जमते ही भावना, आणि आपण कोणाचे तरी आहोत ही भावना. या तिन्ही मिळाल्या तर मूल स्वतःहून शिकते. एकही नसेल तर मारूनमुटकून बसवावे लागते.

काले गावातली सुरुवात

ही पुस्तकातली बाब वाटत असेल तर कराड तालुक्यातल्याच काले गावाकडे पाहावे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तेथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. भाऊराव स्वतः मॅट्रिक झालेले नव्हते. आजच्या आपल्या मापाने त्यांनाही कोणी ‘डोके नाही’ म्हटले असते. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. तेथे मराठा, महार, जैन, मुस्लिम अशी सर्व समाजांची मुले एका पंगतीत जेवत. पैसे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने दिले, मंगळसूत्रही दिले.

या मुलांनी शेतात काम केले, स्वयंपाक केला आणि शिक्षण घेतले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यातूनच रुजली. डेसी-रायन यांच्या तीन गरजा येथे लावून पाहाव्यात. स्वतःच्या कष्टाने शिकणाऱ्याला आपले आयुष्य आपल्या हाती आहे असे वाटते. पिकवलेली भाजी आणि सोडवलेले गणित दोन्ही त्याला सांगतात की तुला जमते. आणि पंगतीत बसलेल्या मुलाला कळते की आपण येथले आहोत. हे शास्त्र अमेरिकेत मांडले गेले, त्याच्या कितीतरी आधी आमच्या भागात ते जगले गेले होते. पुढे १९५४ साली कराडमध्ये याच संस्थेचे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय सुरू झाले आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांना पदवीची वाट जवळ आली.

मकतबमध्ये आहे, शाळेच्या अभ्यासात नाही

अनेक घरांत एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. जो मुलगा मकतबमध्ये पारेच्या पारे तोंडपाठ म्हणतो, त्याला इतिहासाची चार पाने आठवत नाहीत. डोके तेच आहे. फरक रीतीचा आहे.

हिफ्जची रीत आठवून पाहावी. रोज नवा सबक थोडाच असतो. गेल्या काही दिवसांचे पाठ सबकीत पुन्हा ऐकवायचे असतात. जुने पारे मंजिलमध्ये फिरून फिरून येत राहतात. आणि सगळे उस्तादांसमोर, न पाहता. मनुष्य शिकलेले किती झपाट्याने विसरतो हे जर्मन संशोधक एबिंगहाऊस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली मांडले आणि काही काळ सोडून केलेली उजळणी विसरणे कमी करते हेही दाखवले. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांच्या दोन रीती ताडून पाहिल्या. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटले आणि आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले.

आपली मुले शाळेचा अभ्यास करताना काय करतात? परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक वाचतात, पुन्हा वाचतात, ओळींखाली रेघा मारतात. सबक, सबकी आणि मंजिल हीच घडी विज्ञानाला आणि भूगोलाला लावता येते. आजचा धडा, आठवड्याचा धडा, महिन्याचा धडा, पुस्तक मिटून. हिफ्जमध्ये शब्द पाठ करायचे असतात, विज्ञानात अर्थही समजावा लागतो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

घरची भाषा, शाळेची भाषा

आमच्या मुलांच्या वाट्याला भाषा फार येतात. घरात दखनी, मकतबमध्ये अरबी-उर्दू, शाळेत मराठी आणि सेमी इंग्रजीत गणित-विज्ञान इंग्रजीतून. ज्याला आपण ‘कळत नाही’ म्हणतो, ते पुष्कळदा भाषेचे अडणे असते. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की १९३४ साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारले, पण त्यांचा एक विचार आजही शिक्षकांना वाट दाखवतो. मुलाला एकट्याला जे जमत नाही आणि जाणत्याच्या थोड्या मदतीने जे जमते, त्या मधल्या जागेत खरे शिकणे होते. मदत बोलण्यातून होते, आणि बोलणे मुलाच्या जवळच्या भाषेत असेल तर ती लवकर पोहोचते.

म्हणून सातवी शिकलेली अम्मीही दहावीच्या मुलाला मदत करू शकते. तिने पुस्तक हातात धरावे आणि घरच्या बोलीत विचारावे, “आज काय शिकलास, मला समजेल असे सांग.” जेथे तो अडखळेल, तेथे खूण करावी. तीच खूण घेऊन त्याने दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारावे.

निर्णयाआधी

सिद्धांत फी भरत नाहीत, हे आम्ही जाणतो. घरात कमावणारा एकच हात असेल तर मुलाला कामाला लावावे लागते, त्यात दोष देण्यासारखे काही नाही. पण हे कारण परिस्थितीचे आहे, डोक्याचे नाही. मुलाला तसेच सांगावे. “सध्या आपली अडचण आहे” हे ऐकलेला मुलगा उद्या संधी मिळाली तर परत पुस्तक घेईल. “तुझ्यात काही नाही” हे ऐकलेला घेणार नाही.

निकालाच्या आठवड्यात काही गोष्टी आधी तपासाव्यात. फळा नीट दिसतो का, डोळे तपासले आहेत का? अक्षरे उलटसुलट होतात का? अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्ड जादा वेळेसह सवलती देते, शाळेत चौकशी करावी. एक-दोन विषय राहिले असतील तर पुरवणी परीक्षा आहे. शाळा सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. गॅरेजचीच आवड असेल तर आयटीआयमध्ये तेच काम प्रमाणपत्रासह शिकता येते. हे सगळे मुलींनाही तितकेच लागू आहे, हे वेगळे सांगायला लागू नये.

आणि मग मुलाला, मुलीला समोर बसवून विचारावे, कोणता विषय गेला, तो कसा अभ्यासला होता, पुढच्या वेळी काय वेगळे करशील? उत्तर पूर्ण होईपर्यंत घरातल्या मोठ्यांनी मध्ये बोलू नये.