ध्वनियंत्रांतील घुमघुम

दूरदर्शन-संचास ध्वनिवर्धक जोडला, कीं कित्येक घरीं गाण्यामागें एक अखंड घुमघुम ऐकूं येते. तिचें मूळ व उपाय आम्ही येथें सांगतों.

आपल्याकडील विजेचीं आवर्तनें सेकंदास ५० असतात. घुमघुमही बहुधा ५० किंवा १०० आवर्तनांचीच असते. दोन यंत्रें निरनिराळ्या ठिकाणीं भूमीस जोडलेलीं असून ध्वनीच्या तारेनें एकमेकांसही जोडलीं, म्हणजे तारांचें एक वलय पुरें होतें. त्यांतून वाहणारा क्षीण प्रवाह गाण्यांत मिसळतो.

प्रथम यंत्रें बंद करून सर्व जोडतारा काढाव्या. मग एकेक जोडून ऐकावें. जी जोडतांच घुमघुम उठते, तिच्यापाशींच दोष समजावा; पुष्कळदां ती बाहेरून येणारी केबल असते. सर्व यंत्रांस एकाच सॉकेटवरून वीज द्यावी. तेवढ्यानें न भागल्यास त्या तारेंत आयसोलेटर बसवावा.

कांहीं लोक प्लगची जाड तिसरी पिनच काढून टाकतात. घुमघुम थांबते खरी. परंतु पुढें यंत्राच्या धातूच्या पेटींत वीज उतरली, तर ती हात लावणाऱ्याच्या देहांतून जमिनीकडे जाते. पालकांनीं आपल्या घरचे प्लग एकदां अवश्य पाहावे. घुमघुम कानास त्रास देते. काढलेली पिन प्राण घेऊं शकते.