आच मोठी म्हणजे चहा लवकर?

सॅक हलकी व्हावी म्हणून छोटी शेगडी घेतली आणि गॅस पुरेल की नाही या धास्तीने दोन कॅनिस्टर जादा भरले, तर हलकेपणा कुठे उरला? खरी बचत असते ती शेगडी वापरण्याच्या रीतीत. आणि नेमके तिथेच गैरसमज फार.

गैरसमज : आच मोठी, तर आधण लवकर.
वस्तुस्थिती : ज्योत बुडाबाहेर येऊन कडांवरून वर चढली, की ती उष्णता हवेत जाते. ज्योत बुडाखालीच राहील इतकाच नॉब उघडा, पसरट भांडं घ्या आणि झाकण ठेवाच. २० अंशांवरचं एक लिटर पाणी १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. ती सगळी पाण्यात उतरली, तर ७.५ ग्रॅम गॅस पुरेल. प्रत्यक्षात वारा नसतानाही १२ ते १५ ग्रॅम जातो.

गैरसमज : वारा असेल, तर शेगडीभोवती चारी बाजूंनी पत्रा लावावा.
वस्तुस्थिती : बर्नर थेट कॅनिस्टरवर बसत असेल, तर असं कधीही करू नका. कोंडलेल्या उष्णतेने कॅनिस्टर तापतो, आतला दाब वाढतो आणि तो फुटू शकतो. आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूने करा. अधूनमधून कॅनिस्टरला हात लावून पाहा. गरम लागला, तर शेगडी लगेच बंद करा.

गैरसमज : थंडीत ज्योत मंदावली, म्हणजे गॅस संपला.
वस्तुस्थिती : कॅनिस्टरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ झाली तरच जळतो. ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतं, आयसोब्युटेन उणे ११.७ ला, प्रोपेन उणे ४२ ला. त्यात वाफ होताना द्रव स्वतःही गार पडत जातो. सह्याद्रीत नुसतं ब्युटेन चालून जातं. हिमालयात आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या आणि कॅनिस्टर रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवा.

गैरसमज : उंचावर पाणी लवकर उकळतं, म्हणून गॅस कमी लागतो.
वस्तुस्थिती : उकळतं लवकर, पण कमी तापमानाला. कळसूबाईवर (१६४६ मीटर) साधारण ९५ अंशांना, सांदकफूवर (३६३६ मीटर) सुमारे ८८ अंशांना. त्यामुळे डाळ-तांदूळ शिजायला वेळ लागतो. ते आधी भिजवा, चांगली उकळी आली की शेगडी बंद करा आणि झाकलेलं भांडं जाड कपड्यात गुंडाळून ठेवा. तांदूळ वाफेवर बराचसा फुलतो. मग थोडीच आच पुरते.

गैरसमज : तंबूचं दार किलकिलं ठेवलं, की आत शेगडी पेटवता येते.
वस्तुस्थिती : कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, मळमळतं; उंचीचा त्रास समजून माणूस पडून राहतो आणि जिवावर बेततं. पाऊस असो वा बर्फ, शेगडी तंबूबाहेरच.

निघण्यापूर्वी घराच्या गॅलरीत एक लिटर पाणी उकळा आणि आधी-नंतर कॅनिस्टर काट्यावर ठेवा. तुमच्या शेगडीला, तुमच्या भांड्याला किती ग्रॅम लागतात ते कळेल. त्यावरून हिशोब मांडा, वारा-थंडीसाठी थोडा गॅस वाढवा आणि तेवढाच बरोबर न्या.