सरकारी क्वार्टर गळतंय? ऑनलाइन तक्रार टाकण्याआधी घर कुणाचं आहे ते शोधा

खासगी खोलीत राहणाऱ्याला निदान घरमालकाचं दार ठोठावता येतं. सरकारी क्वार्टरमध्ये दार कुणाचं ठोठावायचं हेच पटकन कळत नाही. जालना रोडवरचं आपलं करमाड घ्या. इथे पोलीस ठाणं आहे, मनमाड–सिकंदराबाद लाइनवरचं रेल्वे स्टेशन आहे. अशा गावात क्वार्टरला राहणारा कर्मचारी घरभाडे भत्ता सोडतो, म्हणजे एका अर्थाने भाडं भरतोच. तरीही स्लॅब गळायला लागला की तो हतबल होतो.

आधी एक गैरसमज. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार घरमालकाने दुरुस्ती टाळली, तर 15 दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः काम करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. नेटवर हा सल्ला सगळीकडे दिसतो. पण त्याच कायद्याचं कलम 3 सांगतं की सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही. त्यामुळे लेखी परवानगीशिवाय खिशातून वॉटरप्रूफिंग केलंत, तर ते पैसे परत मिळतील असं धरू नका.

मग तक्रार कुठे? राज्य सरकारच्या निवासस्थानांची देखभाल साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. जिल्हा परिषदेच्या इमारती तिच्याच बांधकाम विभागाकडे, आणि रेल्वे क्वार्टर रेल्वेच्या इंजिनीअरिंग विभागाकडे. विजेचं मात्र वेगळं आहे: मीटरपर्यंत बिघाड असेल तर महावितरण (1912 वर फोन), मीटरच्या पुढचं वायरिंग घराच्या मालक खात्याचं. ताबा घेताना मिळालेल्या वाटपाच्या आदेशावर खात्याचं नाव असतं. तो कागद मोबाइलमध्ये स्कॅन करून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी लागतो.

पहिला अर्ज आपल्या कार्यालयामार्फत, लेखी, आणि आवक क्रमांक घेऊनच. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही. दाद लागली नाही तर 'आपले सरकार'च्या तक्रार निवारण पोर्टलवर जा. मोबाइल ओटीपीने लॉगिन होतं, मग जिल्हा आणि विभाग निवडायचा. इथेच बऱ्याच जणांचं चुकतं. तुम्ही पोलीस खात्यात असाल म्हणून गृह विभाग निवडला आणि दुरुस्ती बांधकाम विभागाकडे असली, तर तक्रार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते. तक्रार टाकल्यावर टोकन क्रमांक मिळतो, तो जपा. रेल्वेचं घर असेल तर केंद्राचं सीपीग्राम्स पोर्टल. तिथे 2024 पासून निकालाची मुदत 21 दिवसांची आहे. मात्र कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक तक्रारी तिथे सहसा घेत नाहीत. म्हणून मजकुरात बदली, भत्ता, साहेबांचा त्रास काही आणू नका. फक्त इमारत, खोली, धोका.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर, कारण प्रकरण बहुतेक वेळा इथेच अडतं. गळती जुलैत होते आणि पाहणीला माणूस येतो तोपर्यंत भिंत कोरडी असते. म्हणून पाऊस चालू असतानाच व्हिडिओ घ्या: आधी घराचा नंबर, मग न थांबता खोलीत येऊन छत. कॅमेऱ्यात लोकेशन चालू ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि आतली तारीख-ठिकाणाची माहिती निघून जाते; डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. स्लॅबचा तुकडा पडला असेल तर शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा. उघडी पडलेली गंजकी सळई दिसत असेल तर तोच फोटो सर्वांत वर लावा. ओल आणि कोसळण्याचा धोका यांतला फरक इंजिनीअरला त्याच फोटोतून कळतो.

आता कामाला वेळ का लागतो? कनिष्ठ किंवा शाखा अभियंता अंदाजपत्रक करतो, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा. आणि निधी 31 मार्चच्या हिशोबात बांधलेला. फेब्रुवारीत अर्ज टाकून मेमध्ये काम व्हावं ही अपेक्षा कितीही रास्त असली तरी व्यवहारात ती क्वचितच पुरी होते. पावसाळ्यातले फोटो घेऊन ऑक्टोबरमध्येच अर्ज गेलेला बरा. शेजारच्या चार घरांची तीच अवस्था असेल तर एकत्र अर्ज करा, कारण अख्ख्या इमारतीचं छत एका कामात बसवणं खात्यालाही सोपं जातं.

तरीही हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार. शुल्क 10 रुपये, राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरही अर्ज करता येतो, उत्तराची मुदत 30 दिवस. 'दुरुस्ती का केली नाही?' असं विचारू नका. 'का'चं उत्तर टाळणं सोपं असतं. कागद मागा: या इमारतीचं शेवटचं अंदाजपत्रक, त्याच्या मान्यतेची प्रत, गेल्या तीन वर्षांत इथे झालेल्या दुरुस्तीची बिलं. ज्या छताखाली तुम्ही बादली लावून झोपताय, त्याच छताच्या दुरुस्तीचं बिल निघालेलं दिसलं, तर पुढच्या अर्जाला त्याची प्रत जोडा आणि तो थेट कार्यकारी अभियंत्यांच्या नावे द्या.