हीटर चालू असूनही पाळलेला अजगर आजारी का पडतो? समजून घ्या पेटीतल्या तापमानाचं गणित

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये कुत्र्या-मांजरांसारखेच सापही पाळले जातात. त्यातलं एक लाडकं नाव म्हणजे बॉल पायथन. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. लांबी साधारण तीन ते पाच फूट, स्वभाव शांत आणि नीट सांभाळला तर २०-३० वर्षं आयुष्य.

पण अनेकदा होतं असं, की पेटीत हीटर असतो, तो चालूही असतो, आणि तरीही साप आजारी पडतो. कारण त्याला नुसती ऊब पुरत नाही. ऊब आणि गारवा यातलं हवं ते निवडता यावं लागतं.

सापाला ऊब बाहेरून का लागते?

माणसाचं शरीर स्वतःची उष्णता स्वतः तयार करतं. सापाला ते जमत नाही. गरम व्हायचं असेल तर तो उबदार जागी जातो, गार व्हायचं असेल तर सावलीत सरकतो. बॉल पायथन मूळचा घाना, टोगो, बेनिन अशा आफ्रिकी देशांमधला. तिथे तो उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दडून बसतो आणि गरजेप्रमाणे जागा बदलतो.

ही ऊब फक्त आरामासाठी नसते. अन्न पचायला ती लागतेच. पेटी गार असेल तर गिळलेला उंदीर पोटात नीट पचत नाही आणि साप तो उलटून टाकतो. फार दिवस थंडीत राहिला तर श्वसनाचे आजार होतात. तोंड उघडं ठेवणं आणि श्वास घेताना आवाज येणं ही त्याची लक्षणं.

मग पेटीत तापमान किती हवं?

सगळीकडे सारखं नको. पेटीचं एक टोक उबदार हवं, तिथे साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस. दुसरं टोक गार, म्हणजे २४ ते २७ अंश. रात्रीही पारा २४ च्या खाली जाऊ नये.

यासाठी पेटीच्या साधारण एक तृतीयांश तळाखाली, एकाच बाजूला हीट मॅट लावतात. किंवा त्या बाजूला वरून दिवा सोडतात. दिव्याला जाळी हवीच, नाहीतर साप थेट त्यालाच वेटोळं घालतो. दिव्याने हवा कोरडी होते आणि कात तुकड्या-तुकड्यांनी निघू लागते, म्हणून दमटपणावरही लक्ष ठेवावं लागतं.

लपायला जागा मात्र दोन हव्यात, प्रत्येक टोकाला एक. हा साप लाजाळू आहे. लपायची जागा फक्त गरम बाजूला असेल, तर अंग तापलं तरी तो तिथून बाहेर पडत नाही. त्याला उघड्यावर येण्याची भीती जास्त वाटते.

खरा धोका कुठे आहे?

धोका आहे थर्मोस्टॅट न लावण्यात. थर्मोस्टॅट म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करणारं यंत्र. ते नसेल तर मॅट तापतच राहते. आणि साप चटका बसत असतानाही त्या जागेवरून हलेलच असं नाही. पोटावरची कातडी भाजली गेल्याचं मालकाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. बाजारात मिळणारे विजेचे गरम दगड याच कारणासाठी टाळायला सांगतात.

थर्मोस्टॅट लावला तरी एक गोम राहते. तापमान मोजणारी त्याची वायर सापाने ढकलून गार बाजूला नेली, तर यंत्राला वाटतं पेटी थंड आहे. मग ते हीटर चालूच ठेवतं. म्हणून ही वायर पेटीच्या बाहेरून, मॅट आणि काचेच्या मध्ये पक्की बसवतात. त्यानंतर साप जिथे प्रत्यक्ष बसतो तिथलं तापमान वेगळ्या थर्मामीटरने मोजून यंत्राचा आकडा जुळवून घेतात. काचेवर हात ठेवून घेतलेला अंदाज कामाचा नाही.

साप मुक्कामालाच गरम बाजूला असेल तर पेटी थंड असू शकते. तो सतत गार कोपऱ्यात असेल तर गरम बाजू जास्त तापलेली असू शकते. अशा वेळी आधी थर्मामीटर बघायचा.

भारतात काय परिस्थिती आहे?

आपल्याकडचा भारतीय अजगर पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला, तरी तो साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. त्यामुळे २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर असे प्राणी ज्यांच्याकडे आहेत, त्यांना सरकारकडे नोंदणी करणं बंधनकारक झालंय.

शिवाय इथे प्रश्न उलटाही होतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा बंद खोलीतल्या पेटीत गार कोपराच उरत नाही. थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. बाहेर असता तर साप बिळात शिरला असता. पेटीत त्याला जायला दुसरी जागा नसते, ती मालकानेच करून द्यावी लागते.