विलंबाची कैफियत

सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रास दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे, आणि पुण्यातील गृहसंस्थांमध्ये दुपारी एक ते चारच्या दरम्यान जो अलिखित हुकूम चालतो तो तर या नियमांहूनही कडक आहे. अशा परिस्थितीत कोथरूडच्या वा वारज्याच्या सदनिकेत राहणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारवादकाने खराखुरा अ‍ॅम्प त्याच्या ऐन बहरात वाजविण्याची आशा धरू नये हेच बरे. ज्या शहरात २०१० साली एनएच७ वीकेंडरचा आरंभ झाला आणि ज्याने ‘अग्नी’सारखा रॉक बँड दिला, त्या शहरातील पोरांनी यावर तोडगा काढला नसता तरच नवल. गिटारची केबल ऑडिओ इंटरफेसला जोडावयाची, संगणकातील अ‍ॅम्प सिम्युलेटरकडून तिच्या कोरड्या सिग्नलला अ‍ॅम्पचे रूप द्यावयाचे आणि ते हेडफोनवर ऐकत ध्वनिमुद्रण करावयाचे, ही रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे. तिच्याबरोबर काही समजुतीही रूढ झाल्या, आणि त्यांतील बहुतेक निराधार आहेत.

सर्वांत मोठी फिर्याद विलंबाची. तार छेडली आणि आवाज उशिरा आला, की दोष संगणकाच्या माथी मारून नवा, महागडा संगणक घेण्याची तजवीज सुरू होते. वस्तुतः संगणक ध्वनी थेंबाथेंबाने घेत नाही. तो ठरावीक नमुन्यांचा एक गठ्ठा जमेपर्यंत थांबतो, आणि या गठ्ठ्याचे आकारमान म्हणजेच बफर. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जात असता १,०२४ नमुन्यांचा बफर भरण्यास सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, आणि आत येताना व बाहेर जाताना असा दोनदा हा हिशेब होत असल्याने विलंब ४६ च्या पुढे जातो. तेच ४८,००० च्या वेगाने १२८ नमुन्यांचा बफर ठेवला तर एका बाजूस २.७ मिलिसेकंदही पूर्ण लागत नाहीत; रूपांतरणाचा आणि ड्रायव्हरचा वेळ धरूनही एकूण विलंब बहुधा दहाच्या आत राहतो. संगणकाच्या वेगाचा संबंध एवढाच, की लहान बफरवर काम चालू असताना आवाजात तडतड होऊ न देण्याची ताकद त्याच्यात असावी लागते.

दहा मिलिसेकंद म्हणजे तरी विलंबच, असे कोणी म्हणेल. पण हवेतून ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे बालगंधर्व रंगमंदिराच्या रंगमंचावर आपल्या अ‍ॅम्पपासून तीन मीटर पुढे उभ्या असलेल्या वादकाला स्वतःचा स्वर जवळजवळ नऊ मिलिसेकंद उशिरानेच ऐकू येतो, आणि त्याबद्दल कोणी कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

विंडोज वापरणाऱ्यांच्या बाबतीत खरा गुन्हेगार पुष्कळदा ड्रायव्हर असतो. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आणलेली एएसआयओ ही व्यवस्था विलंब कमी राखण्यासाठीच आहे, आणि इंटरफेसच्या निर्मात्याने दिलेला स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असताना एएसआयओफॉरऑल वापरण्यात काही हशील नाही, कारण ते विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढविलेले आवरण आहे. ब्लूटूथ हेडफोनविषयी तर चर्चाच नको: त्यांचा विलंब सहसा शंभर मिलिसेकंदांपलीकडे असतो आणि कोणतीही सेटिंग तो घालवू शकत नाही. तारेचा हेडफोन घ्यावा.

दुसरा गैरसमज इंटरफेसवरील डायरेक्ट मॉनिटरच्या बटनाविषयी. ते दाबले की विलंब नाहीसा होतो हे खरे. मात्र तो संगणकाला वळसा घालून नाहीसा होतो, त्यामुळे ऐकू येते ती गिटारची कोरडी, निर्जीव तार. सिम्युलेटरचा आवाजही चालू ठेवला तर एकच स्वर किंचित अंतराने दोनदा कानी पडून पोकळ, चमत्कारिक भासू लागतो, आणि मग सिम्युलेटरच बिघडल्याचा निष्कर्ष निघतो! सिम्युलेटरमधून ऐकावयाचे असेल तेव्हा हे बटन बंदच असले पाहिजे.

ऐकलेला आवाजच मुद्रित होतो, हीही अशीच एक समजूत. सामान्यतः ट्रॅकवर नोंद होते ती कोरड्या सिग्नलची. अ‍ॅम्पचे रूप त्याला प्रत्येक वेळी नव्याने चढविले जाते, म्हणून आज निवडलेला अ‍ॅम्प सहा महिन्यांनी बदलता येतो. स्वतःचा प्रक्रियक बाळगणाऱ्या अपोलोसारख्या इंटरफेसमध्ये प्रक्रिया केलेला ध्वनी थेट मुद्रित करण्याची सोय असते, तेवढा अपवाद.

उशिरा ऐकू आले म्हणजे मुद्रितही उशिराच झाले असणार, हा तर्क सरळ वाटतो, पण तोही टिकत नाही. ड्रायव्हरने कळविलेल्या विलंबाइतका टेक मागे सरकवून मुद्रणप्रणाली तो योग्य जागी बसविते. गोम आहे ती वादकाच्या हातात: स्वतःचा स्वर उशिरा ऐकणारा वादक नकळत आघाडी घेऊन वाजवू लागतो, आणि प्रणालीने आपले काम चोख केल्यावर त्याचा टेक तालाच्या पुढे पडलेला दिसतो. ड्रायव्हरची कैफियत खरी आहे की नाही याची रुजुवात घालावयाची असल्यास इंटरफेसचे आउटपुट केबलने त्याच्याच इनपुटला जोडावे, एक टिचकी वाजवून मुद्रित करावी आणि मूळ टिचकीशी ताडून पाहावी.

राहिला आवाजाच्या कर्कशपणाचा प्रश्न. निष्क्रिय पिकअपला सुमारे दहा लाख ओहमचा, म्हणजे हाय-झेड वा ‘इन्स्ट्रुमेंट’ असा, इनपुट लागतो; साध्या लाइन इनपुटमध्ये गिटार लावली की तिची वरची धार मरते. याउलट सिम्युलेटरमध्ये कॅबिनेटचा भाग बंद राहिला तर मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखा आवाज येतो, कारण खऱ्या गिटार स्पीकरमधून साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे फारसे बाहेर पडतच नाही आणि येथे ते सारे मोकळे सुटलेले असते. इनपुटवर सिग्नल क्लिप झाला असेल तर मात्र पुढे कोणताही अ‍ॅम्प त्याला वाचवू शकत नाही. आणि सिंगल-कॉइल पिकअपची घरघर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची असते. सिम्युलेटर ती फक्त वाढवितो. पडद्यापासून आणि चार्जरपासून थोडे दूर, वेगळ्या कोनात बसून पाहावे.

मिश्रणाच्या वेळी वाजविणे संपलेले असते, तेव्हा बफर खुशाल १,०२४ वर न्यावा.