वीज चालू ठेवूनच बशीची तपासणी

अतिउच्चदाब वाहिनीच्या तारा मनोऱ्याला थेट बांधलेल्या नसतात. चिनीमातीच्या किंवा काचेच्या बशांच्या माळांना त्या लटकलेल्या असतात. ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर एका माळेत साधारण २३ बशा असतात. हेच इन्सुलेटर. ऊन, पाऊस, धूळ आणि किनारपट्टीवरचा खारा वारा झेलत ते वर्षानुवर्षे जीर्ण होत जातात.

काचेची बशी बिघडली की तिचा घेर फुटून गळतो आणि ते खालूनही दिसते. चिनीमातीचे तसे नाही. लोखंडी टोपीखाली गेलेली बारीक चीर बाहेरून दिसत नाही. मग बशी न काढता, न फोडता ती ओळखायची कशी?

पहिला मार्ग उष्णतेचा. पार निकामी झालेल्या बशीवर विद्युतदाब जवळजवळ उरत नाही, म्हणून ती शेजारणींपेक्षा किंचित थंड राहते. हा फरक जेमतेम अंशभराचा असू शकतो. तो इन्फ्रारेड कॅमेरा टिपतो. दुसरा मार्ग अतिनील कॅमेऱ्याचा. बशीभोवतीची हवा विद्युतभारित होऊन ‘कोरोना’ नावाची अतिनील चमक उमटते. सूर्याचे २४० ते २८० नॅनोमीटरचे किरण ओझोनच्या थरातच अडतात, त्यामुळे त्या पट्ट्यातला कोरोना भर दुपारीही दिसतो. तिसरा मार्ग म्हणजे विद्युतरोधक काठीला उपकरण लावून प्रत्येक बशीजवळचे विद्युतक्षेत्र मोजणे.

एकाच चाचणीवर विसंबणे धोक्याचे आहे. कोरोना पृष्ठभागावरची घाण दाखवतो, आतली चीर दाखवेलच असे नाही. म्हणून पावसाळ्याआधी या तपासण्या एकमेकींशी ताडून पाहायला हव्यात. वेळेवर बदललेल्या बशीमुळे तार कोसळण्याचा अनर्थ टळतो.